बायको असलेले बॅचलर

सौदीत तेरा वर्षं काढली म्हटलं की समोरच्याचे प्रश्न ठरलेले असतात. उकाडा किती असतो? खरंच हात वगैरे तोडतात का? आणि मग आवाज थोडा खाली आणून, "प्यायला अजिबात मिळत नाही म्हणे?" लग्नाकार्यात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, दाढी करताना, कुठेही हेच तीन प्रश्न. मी पण आता पाठ केलेली उत्तरं देऊन मोकळा होतो.

खरं सांगायचं तर हे तिन्ही प्रश्न चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. मी २००८ पासून २०२१ पर्यंत जुबैलला होतो. पूर्व किनाऱ्यावरचं हे कारखान्यांचं शहर, दम्मामपासून साधारण शंभर किलोमीटरवर. रिफायनऱ्या, पेट्रोकेमिकल प्लांट, पाइपांचं जंगल. काम इन्स्ट्रुमेंटेशनचं. तिथे मला ज्या गोष्टीचा त्रास झाला, तिचं नाव अजून मला कुणी विचारलेलं नाही. म्हणून म्हटलं एकदा आपणच लिहून टाकावं.

आधी उकाड्याचं बघू. हो, जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि समुद्र जवळ असल्यामुळे वर दमटपणा. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, दोन मिनिटं आंधळं व्हायचं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही. त्यावर तिथे सगळ्यांचा एकच उपाय. उन्हाळ्यात गीझर बंद करायचा आणि त्यात साठलेलं पाणी गार पाणी म्हणून वापरायचं! नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि आठवड्यानं आभार मानतो. तर उकाड्याची सवय होते. उन्हात काम करणाऱ्यांसाठी दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे, आणि आमच्या साइटवर तरी तो पाळला जायचा. बाराच्या ठोक्याला अख्खी साइट सावली शोधायची.

मग दुसरी गोष्ट, तिथले कडक नियम. हे ऐकून काहींना राग येईल, पण आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरातून गेलेल्या माणसाला त्या कडकपणाचा तितकासा धक्का बसत नाही. नमाजाच्या वेळी दुकानं बंद व्हायची. बांग झाली की बकाल्याचं शटर खाली. (बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. देश सौदी, नाव अरबी आणि गल्ल्यावर केरळचा भाऊ.) पहिल्या महिन्यात माझी पाच वेळा तरी फुकट फेरी झाली. नंतर नमाजाचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं आणि त्याप्रमाणे दूध-खबूस आणायला जायला लागलो. २०२१ मध्ये नमाजाच्या वेळी दुकानं उघडी ठेवायला परवानगी मिळाली, तोपर्यंत माझ्या अंगात ते वेळापत्रक इतकं मुरलं होतं की उघडं दुकान बघून मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

सण घरातल्या घरात. देऊळ नाही, सार्वजनिक पूजा नाही. मूर्ती न्यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून बायको हळदीचा गणपती करायची. आरती हळू आवाजात, एसी मोठ्यावर ठेवून. टाळ्या मात्र वाजायच्याच, त्या कशा हळू वाजवणार? तांदळाची पिठी आणि ओला नारळ त्याच केरळी भावाकडे मिळायचा. मोदकांचं अडलं नाही. अडलं ते अनारशांचं. सौदीत खसखस नेणं म्हणजे अमली पदार्थ नेल्याचा गुन्हा. दिवाळीच्या सुमारास कुणी येणार असलं की आई माझ्यासाठी बिनखसखशीचे अनारसे वेगळे करून पाठवायची आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवायची, 'यात खसखस नाही'. मराठीत! दम्मामच्या कस्टमवाल्याला कळावं म्हणून!

गंमत सोडा. मला सांगायचंय ते असं की हे सगळं निभतं. माणूस त्यातून वाट काढतो, त्याच्या गोष्टी होतात, सुट्टीवर आल्यावर त्या रंगवून सांगता येतात. जी गोष्ट निभत नाही ती वेगळी आहे.

तिथे आम्हाला एक शब्द होता. 'बॅचलर'.

मी गेलो तेव्हा माझं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, एक मुलगी होती. पण माझ्यासोबत तिथे कुटुंब नव्हतं, म्हणून मी बॅचलर. माझ्या खोलीतले तिघेही बॅचलर. एकाला नातू झाला होता, तरी बॅचलर! हॉटेलांना दोन दरवाजे असायचे, एक 'फॅमिली'चा, एक 'सिंगल्स'चा. बागांवर पाट्या, फक्त कुटुंबांसाठी. काही मॉलमध्ये सुट्टीच्या दिवशी दारावरचा माणूस हात आडवा धरायचा. चांगल्या बिल्डिंगमध्ये खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, फॅमिली की बॅचलर? एकट्या पुरुषाकडे तिथला समाज जरा संशयानंच बघायचा. तो कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी नवरा असेल हे जमेतच धरलेलं नाही.

आता यातली मेख बघा. तो एकटा का आहे? कुटुंब आणायची परवानगी त्याच्या हुद्द्यावर आणि पगारावर ठरते. वेल्डर, फिटर, हेल्पर, ड्रायव्हर यांच्या व्हिसावर बायकोमुलं येऊ शकत नाहीत. म्हणजे आधी त्याला एकटं ठेवायचं आणि मग एकटा आहे म्हणून बागेत घ्यायचं नाही.

माझं नशीब बरं. हुद्दा वाढला, २०१२ मध्ये कुटुंब आणता आलं. सहा वर्षं मी 'फॅमिली' होतो. हॉटेलच्या दुसऱ्या दारानं आत जायचो, पडद्याआडच्या खणात बसायचो. तोच मी, तीच बिर्याणी, पण वेटरची अदब वेगळी. मुलगा तिथेच जन्मला. मग जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे फी सुरू झाली. महिन्याला १०० रियाल, आणि ती दर वर्षी शंभरानं वाढून २०२० मध्ये ४०० वर जाणार हे आधीच जाहीर झालं होतं. माझे तिघं. म्हणजे २०२० च्या दरानं वर्षाचे १४,४०० रियाल, फक्त बायकोमुलांनी माझ्याजवळ राहावं म्हणून. तेही इकामा नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ. (इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो खिशात नसेल तर तुम्ही कुणीच नाही.) आम्ही दोघांनी एका शुक्रवारी वहीत हिशेब मांडला. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा मांडला. मार्च २०१८ मध्ये मुलांची परीक्षा झाली आणि ती तिघं पुण्याला परतली. आमच्याच बिल्डिंगमधली आणखी दोन कुटुंबं त्याच महिन्यात गेली.

एप्रिल २०१८ मध्ये रियाधला सिनेमा थिएटर उघडलं. २४ जून २०१८ पासून बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली. बायको फोनवर म्हणाली, "मी निघायचीच वाट बघत होते वाटतं!"

आणि मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बॅचलर झालो.

मंडळी, इथे माझं मत सांगतो. सौदी बदलला का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. बदलला, आणि खूप बदलला. २०१६ मध्ये धार्मिक पोलिसांचा अटक करायचा अधिकार गेला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये हॉटेलांवरची दोन दारांची सक्ती गेली. हे सगळं चांगलंच झालं. तिथल्या मुलींच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलेला आहे. पण या बदलांची बातमी वाचताना मी मनात एक प्रश्न विचारतो. हा बदल कॅम्पमधल्या माणसापर्यंत पोचला का? थिएटर उघडून तिकीट काढायला त्याला परवडलं पाहिजे ना. त्याच्यासाठी थिएटरपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट मार्च २०२१ मध्ये झाली आणि तिची आपल्याकडे फारशी चर्चाच झाली नाही.

ती काय ते सांगण्यापूर्वी २०१० मधली एक हकीकत सांगतो. आमच्या टीममध्ये निजामाबादकडचा एक वेल्डर होता. हात असा की एक्सरेमध्ये जोड नापास झालेला कुणाला आठवत नव्हता. एका बुधवारी संध्याकाळी त्याचे वडील गेल्याचा फोन आला. तेव्हा आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची (शुक्रवार-शनिवार झाली ती २०१३ पासून). पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाटाची किल्ली ऑफिसात, ऑफिस शनिवारी उघडणार. देश सोडायला एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागतो, आणि तो कफीलच्या म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय निघत नसे. शनिवारी अर्ज, शनिवारी संध्याकाळी व्हिसा, रविवारी रात्रीचं विमान. तो दहाव्याला पोचला. अग्नी धाकट्या भावानं दिला.

यात कुणी खलनायक नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. मॅनेजरनं सही लगेच केली. कागद करणारा कारकून आपल्यातलाच, भारतीय, त्यानं सुट्टीतही फोन उचलला. कोणी मुद्दाम छळलं नाही. पण मोठ्या माणसाला बापाच्या अंत्यविधीला जायला दुसऱ्याची परवानगी लागत होती. पुढची तीन रात्रं तो खाटेवर बसून होता. खबूस समोर ठेवला तरी हात लावत नव्हता. मला सौदीची आठवण विचारली की मला वाळवंट, उंट, मशिदी काही आठवत नाही, ती तीन रात्रींची खाट आठवते.

तर मार्च २०२१ मध्ये नियम बदलला. खाजगी क्षेत्रातल्या कामगाराला एक्झिट-रीएंट्री व्हिसासाठी मालकाच्या संमतीची गरज उरली नाही, अर्ज थेट मोबाईलवरून. वर्षभर काम झालं की ठरलेल्या अटींवर नोकरीही बदलता येऊ लागली. माझ्या दृष्टीनं तेरा वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा ही. पण त्यातही घरकाम करणाऱ्या बायका, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतावर आणि गुरांमागे असणारी माणसं वगळलेली. म्हणजे चार भिंतींआड किंवा वस्तीपासून दूर एकटी असलेली, ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज, तीच. बेन्यामिन यांच्या 'आडुजीवितम' या मल्याळम कादंबरीवरचा सिनेमा २०२४ मध्ये आला, तो आपल्याकडेही बऱ्याच जणांनी पाहिला. वाळवंटात शेळ्यांमागे अडकलेल्या माणसाची ती गोष्ट. ज्या वर्गातला तो माणूस, तोच वर्ग २०२१ च्या यादीतून वगळलेला होता. तो सिनेमा पाहून "बाप रे, काय देश आहे!" म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारावंसं वाटतं, त्याला तिथवर पाठवणारा एजंट कुठला होता?

कारण आपल्याकडचा कायदा म्हणतो की परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटनं ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. कॅम्पमधल्या एकाही माणसानं मला हा आकडा सांगितला नाही. कुणी सव्वा लाख दिलेले, कुणी दीड लाख. शेत गहाण, बायकोचे डोरलं सोडून सगळे दागिने मोडलेले. पहिली दोन वर्षं फक्त ते फेडण्यात. लोक मला म्हणतात, कुणी हाताला धरून नेलं होतं का? सही करून गेले ना? बरोबर आहे, माझ्यासारख्या डिग्रीवाल्याला ते लागू होतं. मी जाणूनबुजून गेलो, पैसे मिळवले, पुण्यातला फ्लॅट त्यातलाच. मी रडगाणं गाणार नाही. पण ज्याच्या डोक्यावर विमानात बसायच्या आधीच दीड लाखाचं कर्ज आहे, त्याची सही आणि माझी सही एकसारखी नाही. कर्ज असलेला माणूस नोकरी सोडू शकत नाही, मग नियम बदलून त्याला नोकरी बदलायचा हक्क दिला तरी तो कचरतोच. कफील सौदीत असतो हे खरं, पण त्याच्या हातातली दोरी आपल्या तालुक्यात वळलेली असते.

२०२२ च्या तिथल्या जनगणनेत एकूण लोकसंख्या सुमारे ३.२२ कोटी, त्यातले १.३४ कोटी परदेशी. म्हणजे दर पाचांत दोन माणसं बाहेरची. भारतीय जवळपास १९ लाख, बांगलादेशींच्या खालोखाल. एवढी माणसं, आणि प्रत्येकाच्या मनात आपण इथे तात्पुरते आहोत. नवी गादी घेत नाहीत, 'जाताना काय करायची?' म्हणून. भिंतीला खिळा ठोकत नाहीत. दात दुखला तर 'सुट्टीत गावाला दाखवू'. ही दोन वर्षं झाली की परत, असं म्हणत वीस वर्षं होतात. माझ्या खोलीतल्या नातू झालेल्या बॅचलरनं छत्तीस वर्षांच्या संसारातली चौतीस महिने बायकोसोबत काढली होती. त्यानं स्वतःच मोजून सांगितलं, सुट्ट्यांची बेरीज करून. मी तेव्हा सदतीस महिने धरून चाललो होतो, तर त्यानं मला दुरुस्त केलं.

उकाडा, कायदे, दारूबंदी यापेक्षा हे जड आहे. आणि हे काही फक्त सौदीत घडतं असंही नाही. परत आल्यावर मला पहिला धक्का बसला तो पुण्यातच. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आला, 'बॅचलरना फ्लॅट भाड्यानं देऊ नये'. हात वर करणाऱ्यांत चांगली शिकलेली, देवभोळी माणसं. मी विरोधात बोललो, ठराव पास झाला. आमचा वॉचमन सात वर्षं जिन्याखाली झोपतो, त्याचं कुटुंब नेपाळला. आणि ऊसतोडीला बीडकडून जाणारी जोडपी? हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत हलायचं नाही, पोरं आजीपाशी. हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसाचं नावसुद्धा नाही. मुकादमाला अरबीत काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे.

आता हे लिहिण्याचं निमित्त. माझ्या भाच्याला जुबैलची ऑफर आली आहे. डिप्लोमा झालाय, वय चोवीस. ताईचा रोज फोन, "तू सांग, पाठवू का?" ताई, हे तू वाचशीलच, म्हणून इथेच सांगतो. पाठव. जग बघेल, चार पैसे गाठीला लागतील, दहा देशांच्या माणसांबरोबर एका ताटात जेवायला शिकेल, ते मला तिथेच शिकायला मिळालं. पण पाच गोष्टी कर. एजंट ई-मायग्रेटवर नोंदलेला आहे का ते बघ. व्हिजिट व्हिसावर 'तिथे गेल्यावर बदलून देऊ' म्हणत असतील तर सरळ नाही म्हण. व्हिसावर हुद्दा टेक्निशियनचाच हवा, साधा कामगार लिहिलेला चालणार नाही, पुढे सगळं त्यावरच अडतं. करारात मूळ पगार किती आणि भत्ते किती हे वेगवेगळं लिहून घे. नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे अर्धा पगार आणि पुढे वर्षामागे पूर्ण, ती वेतनावरच ठरते, तेव्हा कागदावर एकही आकडा मोघम नको. आणि पाचवी, ही कुठल्या फॉर्मवर नसते. परत यायची तारीख आत्ताच ठरवा. भिंतीवर लिहा. फ्लॅट झाला की, बहिणीचं लग्न झालं की, गाडी झाली की, अशी नको. तारीख हवी. कारण 'झालं की' कधीच होत नाही, हे मी चार जणांच्या खोलीत वर्षानुवर्षं ऐकलंय.

आणि तो तिकडे गेल्यावर पहिल्या सुट्टीत घरी आला, की आल्या आल्या त्याला "परत कधी?" असं विचारू नका. निदान चहा होईपर्यंत तरी. बाकी खसखशीचं मी त्याला सांगितलंय.